शोध रत्नाताईचा, मालकी विद्यापीठाची

रत्नाताईच्या यजमानांचा, मिलिंद भाऊजींचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानात उभी होते. शनिवारची दुपार होती. पार्किंगसाठी नेहमीच्या घिरट्या घालून झाल्या होत्या आणि भाचीच्या लग्नासाठी काढलेल्या साड्यांची चळत समोर पडली होती. भाऊजी म्हणाले, “मंजू, रत्ना गेली गं... सकाळी. शांतपणे गेली.” मी नुसतं “हो” म्हटलं. दुकानदार पुढची घडी उलगडत होता, काठ दाखवत होता, आणि मी त्याला थांबा म्हणायचंही विसरून गेले. तिचा आजार आम्हाला माहीत होता. काही आठवड्यांपूर्वीच मी नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला जाऊन तिला भेटून आले होते. अंगाने ती अगदी लहान मुलीएवढी झाली होती, पण निघताना तिने मला विचारलं होतं ते हेच की गाडीत गॅस भरलाय ना, व्हर्जिनियात ट्रॅफिक लागतो... तेवढंच. त्यापलीकडे निरोपाचं असं काही आम्ही बोललो नाही.

आता हे लिहायला बसले आहे, पण तिच्याबद्दल नेमकं कुठून सांगायचं हे अजूनही ठरत नाही. मी पुण्याहून पीएच.डी.साठी नॉर्थ कॅरोलिनाला आले आणि ज्या लॅबमध्ये मला जागा मिळाली तिथे रत्नाताई आधीपासून होती. दारावर ‘रिसर्च सायंटिस्ट’ अशी पाटी. म्हणजे ती प्रोफेसर नव्हती, तिची स्वतःची लॅब नव्हती. ग्रँट मिळाली की नोकरी पुढे सरकायची, नाही मिळाली तर सगळेच काळजीत. मी तिला पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी अहो-जाहो केलं. त्यावर ती म्हणाली, “इतक्या दूर येऊन अहो काऊन म्हणून राहिली? ताई म्हण.” मूळची ती नागपूरची, इंदोऱ्यातली. वडील गिरणीत कामाला, आई शिवण करायची. घरात दोनच मुलं, ती आणि तिचा धाकटा भाऊ प्रदीप. विदर्भातल्या कितीतरी घरांत असतो तसा प्रदीपला सिकलसेलचा आजार होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकतं, आणि कधी कधी शरीरातलं रक्त भराभर घटू लागतं. ते घटतंय हे वरून मात्र दिसत नाही. प्रदीप शाळकरी असताना एक दिवस दुपारी घरी आला आणि दमलोय म्हणाला. आईने त्याला निजवलं. संध्याकाळी त्याला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, लंच करताना, डब्याचं झाकण लावता लावता. “तो दमलाय असंच आम्हाला वाटलं, मंजू. रक्त घटत होतं... आणि घरात चार डोळे असून कोणाला दिसलं नाही.” नंतर ती उठली, हात धुतले आणि कामाला लागली. पुढच्या सगळ्या वर्षांत प्रदीपची ही गोष्ट मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. ऐकायची गरजही नव्हती, कारण ती जे काही करत होती ते त्या दुपारपासूनच सुरू झालं होतं.

तिला हवी होती एक कागदाची पट्टी. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्या पट्टीवर ठेवायचा, थोडं थांबायचं, आणि उमटलेल्या रंगावरून घरातल्या बाईला कळायला हवं की आज मुलाला घरी झोपू द्यायचं की उचलून दवाखाना गाठायचा. यंत्र नको, वीज नको, अक्षरओळखही नको. सांगायला सोपी वाटणारी ही गोष्ट करायला तिला किती खटपट करावी लागली ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं आहे. रंग उमटायचा, पण उन्हाळ्यात पट्ट्या ठेवल्या की विटायचा. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात न टिकणारी पट्टी तिच्या लेखी पट्टीच नव्हती. एकदा बोलता बोलता मी कागदाच्या खाली एक पातळ थर द्यायची कल्पना मांडली. माझ्या दृष्टीने ती गप्पांतली एक गप्प होती. रत्नाताईने हातातलं काम थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे तुझं आहे. लक्षात ठेव.” ती कल्पना चालली. पेटंटसाठी शोधकांची नावं द्यायची वेळ आली तेव्हा लॅबच्या प्रमुखांनी रिवाजाप्रमाणे आपलं नाव घालायला सांगितलं, आणि मी तर विद्यार्थिनी, व्हिसावर आलेली, माझं नाव कोणाच्या डोक्यातही नव्हतं. रत्नाताई प्रमुखांच्या खोलीत गेली. तिने त्यांना शांतपणे समजावलं की शोधनिबंधावर आदराने चार नावं जास्त घालता येतात, पेटंटवर मात्र ज्याला ते सुचलं त्याचंच नाव लागतं, आणि चुकीचं नाव घातलं तर अख्खं पेटंट धोक्यात येतं. गृहस्थ समंजस निघाले, त्यांनी ते मान्य केलं. त्या पेटंटवर दोनच नावं आहेत, तिचं आणि खाली माझं. मी त्यासाठी तिच्याकडे एक शब्दही टाकला नव्हता.

तोपर्यंत आम्हा दोघींची भाबडी समजूत होती की पट्टी आमची आहे. नागपूरला तिच्या ओळखीचे एक डॉक्टर धर्मादाय दवाखाना चालवायचे, त्यांना ती बनवून द्यायची असं ताईने मनाशी ठरवलेलं. विद्यापीठात शोध सांभाळणारं एक ऑफिस असतं; पेटंट काढायचं आणि कंपन्यांना ते वापरायला द्यायचं हे त्यांचं काम. तिथे ग्रेग नावाचा अधिकारी होता, स्वभावाने चांगला. त्याने ताईला तिनेच सही केलेला करार दाखवला. नोकरीच्या पहिल्या दिवशी ओळखपत्र, पार्किंग, विमा अशा ढीगभर कागदांबरोबर तिने त्यावर सही केली होती. तिला त्या दिवशीचं पेन आठवत होतं, वाक्य आठवत नव्हतं. वाक्य असं होतं की इथे असताना मी जे जे शोधेन त्याची मालकी मी या कराराने विद्यापीठाला देत आहे. ऑफिसातून परत आल्यावर तिने मला ते क्रियापद समजावून सांगितलं. “‘देईन’ लिहिलं असतं तर देईपर्यंत ते माझं राहिलं असतं. इथं ‘देत आहे’ लिहिलंय. म्हणजे मला सुचायच्या आधीच मी ते देऊन बसले होते.” आणि ती चक्क हसली. मला राग आला होता, तिला कुतूहल वाटत होतं. पगार त्यांचा, यंत्रं त्यांची, त्यामागे सरकारचा पैसा. मालकी त्यांची असण्यात तिला अन्याय दिसत नव्हता. पट्टी घरोघर गेली म्हणजे झालं, मालक कोण का असेना, असं ती म्हणायची.

पट्टी मात्र घरोघर गेली नाही. विद्यापीठाने ती एका कंपनीला दिली, आणि बनवण्याचा हक्क फक्त तिलाच दिला. त्या दिवशी आम्ही आनंदाने जेवायला गेलो, भाऊजींनी सगळ्या लॅबला जिलबी वाटली. पुढे ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. या मोठ्या कंपनीचं स्वतःचं रक्ततपासणीचं यंत्र होतं, हॉस्पिटलांना विकलं जाणारं, चांगलं महागडं. घरी बसून करता येईल अशी स्वस्त पट्टी बाजारात आणून आपल्याच यंत्राचं गिऱ्हाईक कमी करायची त्यांना काय गरज... त्यांनी पट्टी बाजूला ठेवून दिली. बनवली नाही, दुसऱ्याला बनवू दिली नाही. रत्नाताई दर वसंतात ग्रेगची वेळ घ्यायची आणि पट्टीचं काय चाललंय ते विचारायची. करार गोपनीय आहे, असं उत्तर मिळायचं. एका वर्षी तो जरा ओशाळून म्हणाला, “रत्ना, शोध तुझा आहे, मालकी तुझी नाही.” तिने मान हलवली, आभार मानले आणि परत आली. मी तिच्या जागी असते तर दार आपटून आले असते. तिने काय केलं, तर पन्नाशी उलटल्यावर कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गाला नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. दिवसभर लॅब, मग वर्ग, शनिवार-रविवार वाचन. भाऊजी सांगायचे की घरात आता भाजीच्या पाककृतीवरही ही कलमं घालते.

मी तोवर पदवी घेऊन न्यू जर्सीला आले होते, वेस्ट विंडसरला घर केलं होतं. एका कामाच्या दिवशी, भर दुपारी तिचा फोन आला. आवाज नेहमीचाच, पण आधी विचारलं की मी बसलेली आहे ना. मग सांगितलं, की पेटंट ज्या देशात काढलं त्या देशातच चालतं, आणि आपल्या पट्टीचं पेटंट विद्यापीठाने भारतात कधी काढलंच नव्हतं. तिथे कोण विकत घेणार, खर्च कशाला, असा विचार करून तो देश त्यांनी सोडून दिला होता, आणि आता मुदतही गेली होती. शिवाय पेटंट म्हणजे काही गुपित नसतं, पट्टी कशी बनवायची ते त्यात सगळं छापलेलं असतं, कोणीही वाचावं. म्हणजे नागपूरला ती बनवायला कोणाची परवानगीच लागत नव्हती. “तिकडे कुलूप नव्हतंच गं... दार उघडंच होतं, आणि मी इतकी वर्षं किल्ली शोधून राहिले होते.”

दुसऱ्या कोणी तडक विमान पकडलं असतं. रत्नाताईने आधी ग्रेगला लिहून विचारलं, की छापलेलंच मी तिथे शिकवणार आहे, तुमची हरकत आहे का. हरकत नाही असं लेखी उत्तर आल्यावर ती सुट्टी टाकून नागपूरला गेली. एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला आणि तिच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून तिने भर मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली पट्ट्या बनवायला शिकवल्या. मुद्दाम मे महिना निवडला होता. रंग टिकला. मग त्या पट्ट्या गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांत आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या, पिशव्यांतून जाऊ लागल्या. त्यातल्या एकीने व्हिडिओ पाठवला होता, तो ताईने मला दाखवला. अंगणात एक बाई पोराचं बोट धरून पट्टीवर थेंब घेते आहे, रंग पाहते आहे, आणि शेजारणीला म्हणते आहे की चांगला आहे रंग, आज राहू दे घरीच. मी ताईकडे पाहिलं. ती बाईकडे पाहत नव्हती, पोराकडे पाहत होती.

यानंतर आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं की आता पुरे. जे हवं होतं ते झालं. पण तिची दरम्यान डेनिसशी ओळख झाली होती. डेनिस ही डरहॅमला राहणारी कृष्णवर्णीय बाई, शाळेच्या बसची ड्रायव्हर. तिच्या लेकीला सिकलसेल आहे. या आजाराच्या मुलांच्या पालकांचा तिथे एक गट आहे, त्यांच्या बैठकीला ताई जाऊ लागली होती. लेक दमली की डेनिस तिला घेऊन इमर्जन्सीत जाऊन बसायची. काही निघालं नाही तर उगाच आलात म्हणून ऐकून घ्यायची, आणि पुढच्या वेळी जावं की नाही या विचारात घरी थांबायची. ताई मला म्हणाली, “प्रदीप इथंही आहे, मंजू. कुलूप इकडचंच आहे, मग ते इकडेच उघडावं लागेल.”

ऑफिसच्या त्या बैठकीला तिने मला बोलावून घेतलं. पेटंटवर माझंही नाव असल्याने मला तिथे बसायचा अधिकार होता. ग्रेग होता आणि त्याच्या वरच्या पदावरच्या संचालिका होत्या. सुरुवातीला त्यांनी गोपनीयतेचं सगळं समजावून सांगितलं, ताईने मध्ये न बोलता ऐकलं. मग ती बोलली. बोलली इंग्रजीतच, नागपुरी वळणाच्या तिच्या इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं. “तुम्ही दरवर्षी सांगता की मालक मी नाही. मान्य आहे, मालक तुम्ही आहात. मग मालकासारखं वागा. तुम्ही घर भाड्याने दिलंय. भाडेकरू त्याला कुलूप लावून निघून गेलाय. बाहेर लेकरं घेऊन बाया उभ्या आहेत. आणि मालक साधी चौकशीसुद्धा करत नाही.” आवाज चढला नव्हता. पुढे ती म्हणाली की हे संशोधन लोकांच्या पैशातून झालं, तेव्हा ते वापरात येतंय ना हे पाहणं मालकाचं काम आहे. कंपनीकडून कामाचा अहवाल मागायचा हक्क कुठलाही शहाणा मालक स्वतःकडे ठेवतो, तुम्हीही ठेवलाच असेल. संचालिकांनी ग्रेगला विचारलं की शेवटचा अहवाल कधी आला होता. ग्रेगने खरं ते सांगितलं, की आपण मागितलाच नाही. मला वाटलं आता ताई त्याला धारेवर धरेल. तिने एवढंच विचारलं, “मग आता मागाल?”

त्यांनी मागितला. कंपनीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. पत्रापत्री झाली, वकील आले, महिनेच्या महिने गेले, आणि शेवटी पट्टी विद्यापीठाकडे परत आली. या वेळी ती कोणा एकालाच न देता ज्याला बनवायची त्याला द्यायची असं ठरलं. रत्नाताईने स्वतःसाठी काही मागितलं नाही. करारात एक वाक्य मात्र घालून घेतलं: घेणाऱ्याने ठरल्या मुदतीत पट्टी बनवली नाही तर हक्क आपोआप परत यावा, कोणाला दार ठोठवायला लागू नये. पुढे ग्रेगनेच मला सांगितलं की ते वाक्य आता त्यांच्या ऑफिसच्या इतर करारांतही असतं. डरहॅमच्या एका दवाखान्यात पट्टीची चाचणी सुरू झाली. मोठं यश वगैरे म्हणायला अजून वेळ आहे, बाजारात ती इथे अजून यायची आहे. चाचणी सुरू झाली त्याच सुमाराला ताईच्या पोटात दुखू लागलं होतं.

अंत्यसंस्काराला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. नागपूरची मंडळी फोनवरून पाहत होती. ग्रेग येऊन मागच्या रांगेत बसला होता, आणि भाऊजींनी त्याला हाताला धरून पुढे आणून बसवलं. बोलायला डेनिस उभी राहिली. तिने सांगितलं की चाचणीत तिला घरी पट्ट्या मिळाल्या होत्या. गेल्या महिन्यात लेक शाळेतून येऊन सोफ्यावर आडवी झाली, दमले म्हणाली. डेनिसने थेंब घेतला, रंग पाहिला आणि तशीच गाडी काढली. दवाखान्यात तिने पट्टी दाखवली तेव्हा तिला कोणी ताटकळत ठेवलं नाही. डेनिसचं एवढं सांगून झालं आणि तिची लेक, लांब वेण्या घातलेली, उंच होत चाललेली, खुर्चीवरून उठून आईच्या शेजारी नुसती उभी राहिली. मी त्या मुलीकडे पाहत होते. दमून घरी आलेली आणि तरीही समोर उभी असलेली मुलगी. इंदोऱ्यातल्या एका दुपारी जे कोणाला दिसलं नव्हतं ते पाहायला एका बाईने आयुष्य लावलं, आणि ते दिसलं ते हजारो मैलांवरच्या एका अनोळखी आईला. हे माझ्या अजून आवाक्यात येत नाही.

मी काही दिवस भाऊजींपाशी राहिले. रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली तर बाहेर चार-पाच पोरं उभी. कोणी अमरावतीचं, कोणी लातूरचं, कोणी मुंबईचं; इथे मास्टर्स, पीएच.डी. करणारी. मला हे तोवर ठाऊक नव्हतं, पण आजारी पडेपर्यंत आणि पडल्यावरही रत्नाताई रविवारी सकाळी या मुलांना घरी बोलवायची. कोणाला नोकरीचा, फेलोशिपचा, कशाचाही करार आला की त्याने तो घेऊन यायचा आणि जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. सही करू नका, असं ती कधी सांगत नसे. वाचून करा, म्हणायची. ती गेल्यावर ग्रुपवर कोणी कॅन्सल केलं नव्हतं, म्हणून मुलं आली होती, आणि आता दारात अवघडून उभी होती. “काका, आम्ही नंतर येऊ का?” एकाने विचारलं. भाऊजींनी दार पूर्ण उघडलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

अमरावतीच्या मुलीला एका लॅबकडून ऑफर आली होती. करार तिच्या लॅपटॉपवर होता. सगळे बसले, खिडकीकडची ताईची खुर्ची कोणी घेईना. भाऊजींनी चहाचा कप त्या खुर्चीपुढे ठेवला आणि त्या मुलीला म्हणाले, “बस, बेटा. वाच.” ती बसली आणि वाचू लागली. मध्येच तिने मला विचारलं, “मावशी, मला सुट्टीत घरी काही सुचलं तर तेही यांचंच का?” मला नक्की माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. तिने तो प्रश्न त्यांना विचारायचा म्हणून बाजूला लिहून घेतला आणि पुढे वाचू लागली. एकाचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. चहा निवला. व्याख्या, कलमं, पोटकलमं, परिशिष्ट... कोणी उठलं नाही. ते टेबल अजून तिथेच आहे, खिडकीशी, साधं लाकडी. तिथे बसलं की मधली पानं गाळता येत नाहीत.